गाडी सात दिवस कोरडी

चम्नान मिस्त्रीच्या दुकानातून गाडी बाहेर काढायची तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते, हे साऱ्या खोनकेन गावाला ठाऊक होतं. एकट्या लमूनला नव्हतं, कारण तिची ही आयुष्यातली पहिलीच गाडी. एकतीस वर्षं बसस्थानकासमोर कोंबडी भाजून आणि चिकट भाताच्या पुड्या विकून अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने ही छोटी पांढरी गाडी घेतली होती. रस्त्यावरची खडी, तारेवरच्या साळुंक्या आणि गल्लीतली कुत्री या तिघांपासून तिला वाचवायचं म्हणून नखशिखांत पारदर्शक फिल्म चढवून घ्यायचं तिने ठरवलं. दोन महिने नंबर लावून बसल्यावर तिची पाळी आली ती या मंगळवारी.

“पहिला नियम?” चम्नानने विचारलं. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि मूठ पाठीमागे.

“सात दिवस गाडीला पाणी लावायचं नाही.”

“दुसरा?”

“कडेला नख घालायचं नाही.”

“तिसरा?”

“पक्षी शिटला तर लगेच टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं.”

“कशाने?”

“तुम्ही दिलेल्या मऊ फडक्याने. घरच्या जुन्या बनियनने नाही.”

“शाबास. चौथा?”

इथे लमूनची गाडी अडली. “सावलीत...” ती पुटपुटली.

“उन्हात, मावशी, उन्हात!” चम्नानने कपाळावर हात मारला. “इकडे या. हे बघा.” बॉनेटच्या मधोमध, फिल्मच्या खाली, चिंचोक्याएवढा एक बुडबुडा होता. “फिल्म पाण्यावरच बसवतात. आधी पत्र्यावर साबणाचं पाणी मारायचं, वर फिल्म सरकवायची, मग रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं. तरी थोडं आत राहतंच. ऊन लागलं की ते आपल्या पायाने निघून जातं. तोवर त्याला दाबायचं नाही, टोचायचं नाही. आणि नवीन पाणी तर अजिबात नाही. कडेतून एक थेंब आत शिरला की कड उचलते, आणि कड उचलली की माझी झोप जाते.”

माणूस तोंडाने फाटका होता, पण खोटं बोलत नव्हता. अकरा वर्षांत त्याने बसवलेली एकही फिल्म सुटून परत आली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा त्याला स्वतःच्या दोन्ही मुलींचाही नसावा, असं त्याची बायको म्हणायची.

लमूनने घसा साफ केला. “मिस्त्री, आणि शुक्रवारी विहारात नेऊन थोडं पाणी शिंपडून घेतलं तर?”

“कुठल्या विहारात?”

“तळ्याकाठच्या. थोरले भन्तेजी करतात ना नव्या गाड्यांचं.”

चम्नान शेजारच्या स्टुलावर हळूच टेकला. “मावशी, ते शिंपडत नाहीत. ते आंघोळ घालतात.”

हे मात्र खरं होतं. तळ्याकाठचे थोरले भन्ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण हातात काड्यांची जुडी आली की त्यांच्या अंगात वीस वर्षांचा गडी संचारायचा. बादलीत जुडी बुडवून ते असं काही पाणी उडवायचे, की शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा घरी जाऊन कपडे पिळायची.

“दर शुक्रवारी सकाळी करतात. पुढच्या शुक्रवारी न्या,” चम्नान म्हणाला.

“पुढच्या शुक्रवारी कसं नेऊ? शनिवारी तर आम्हाला लोईला निघायचंय.”

तर सगळं घोडं इथे पेंड खात होतं. लमूनची थोरली बहीण संगवियन, वय वर्षं सत्तर. तिची मुलगी वनिदा डोंगरापलीकडे लोईला दिलेली, आणि लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आता कुठे तिला मुलगी झाली होती. रविवारी बाळ महिन्याचं होणार, त्याचं जावळ काढायचा समारंभ. आजीने नात पाहिली होती ती फक्त फोनच्या काचेवर. रोज संध्याकाळी ती त्या काचेवरून बोट फिरवत बसायची आणि भलतंच बटण दाबून फोन बंद करायची. बसच्या पायऱ्या चढणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. आणि आठ वर्षांपूर्वी तीनचाकीने तिला भातशेताच्या कालव्यात पालथं घातल्यापासून तिने कानाला खडा लावला होता: पाणी शिंपडल्याशिवाय कुठल्याही गाडीत बसायचं नाही. लमूनने गाडी घेतली ती खरं तर तिच्यासाठीच. पण हे तिने ताईला कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलली असती तर ताईने गाडी परत करायला लावली असती.

“जाऊन खुशाल या लोईला,” चम्नानने किल्ली पुढे केली. “गाडी चालवायला माझी ना नाही. पण पाणी नाही.”

लमून गाडी घेऊन घरी आली ती तोंडाला कुलूप लावूनच.

ताई फाटकातच उभी होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं. “पांढरी? मंगळवारचा जन्म तुझा. मंगळवारवाल्याला गुलाबी लाभतो आणि पांढरा वर्ज्य, एवढंही कळू नये?”

“ताई, पांढरीच शिल्लक होती.”

“ठाऊक होतं मला. म्हणून आणून ठेवलंय.” ताईने पिशवीतून एक चिकटपट्टी काढली. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘ही गाडी गुलाबी आहे.’ रंग न जुळणाऱ्या निम्म्या गावाच्या गाड्यांवर असलं काही ना काही लिहिलेलं असतंच, त्यात नवल नव्हतं. पण ताईने मागचा कागद सोलून पट्टी थेट डिकीवर नेली तशी लमून दोन्ही हात पसरून मधे पडली.

“ताई, फिल्म! ओली आहे अजून! ही पट्टी उद्या काढायला गेलीस तर फिल्मच सोलून हातात येईल!”

“काढायची कशाला? उद्या काय गाडी निळी होणार आहे?”

“काचेवर लाव मग.”

“लावते.”

“नको, नको! काचेवरही नवीन फिल्म आहे!”

ताईच्या हातात ती सोललेली पट्टी फडफडत होती आणि तिच्या अंगठ्याला चिकटत होती. शेवटी वैतागून तिने ती आपल्या वेताच्या टोपलीवर थापली. “ही टोपली गाडीत राहील. म्हणजे गाडीच गुलाबी झाली. पण एक सांगून ठेवते, लमून. रंगाचं मी चालवून घेतलं. पाण्याचं चालवून घेणार नाही.”

लमूनने पाण्याचा विषय काढायचं धाडस बुधवारवर ढकललं, आणि बुधवारचं गुरुवारवर. तोवर तिला दुसराच उद्योग लागला. गाडी उन्हात उभी केली, तर शेजारणीने दया येऊन तिच्यावर ताडपत्री बांधली. ती सोडवली, तर कुत्री बॉनेटवर ऊन खायला आली. गुरुवारी सकाळी बाहेर येऊन बघते तो तीच शेजारीण अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन बॉनेटवर ओणवी झालेली.

“काय करतेयस गं?” लमून ओरडली.

“ओरडू नकोस, आकडा पळेल,” शेजारीण कुजबुजली. “हा बुडबुडा बघ. आठ दिसतोय. थोडी पावडर चोळली की पुढचा आकडाही उमटेल. नव्या गाडीवरचा आकडा हमखास लागतो. तुलाही सांगते ना, लॉटरी आपण दोघी मिळून घेऊ.”

“तो आकडा नाही, साबणाचं पाणी आहे!”

“तुला पाणी दिसतं, मला आठ दिसतो. ज्याचे त्याचे डोळे.”

लमूनने तिला कशीबशी वाटेला लावली. पण त्या बुडबुड्याशी एव्हाना तिचा जीव जडला होता. रोज सकाळी चहाआधी ती त्याला बघून यायची. चिंचोक्याचा आता मक्याचा दाणा झाला होता. त्याला बोटाने एकदाच दाबावं असं तिला इतकं वाटायचं की ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

शुक्रवारी सकाळी तिने ताईला सगळं सांगून टाकलं. ताईने शांतपणे ऐकलं, केसांत फूल खोचलं आणि म्हणाली, “मी चालत पुढे होते. तू गाडी घेऊन विहारात ये. पाणी पडलं तर उद्या मी गाडीत. नाही पडलं तर मी घरी. नात मोठी झाली की येईल ती मला भेटायला.” शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि ते लपवायला ती तरातरा निघून गेली. लमूनला रडू कोसळलं. गाडीत बसून दोन मिनिटं रडली, मग डोळे पुसून निघाली. फिल्मपायी बहिणीला नातीपासून तोडायचं, असली कसली ही माया? पडू दे पाणी. उचलली कड तर उचलली. असं ठरवून ती विहाराच्या पटांगणात शिरली, आणि बघते तर दुकान बंद करून चम्नान मिस्त्री तिथे हजर. खांद्यावर आंघोळीचे चार टॉवेल, बगलेत मोठी छत्री.

“तुम्ही?”

“तुमचा चेहरा मंगळवारीच वाचला होता मी,” तो म्हणाला आणि बॉनेटवर टॉवेल पसरायला लागला.

“हा कोण इथे कपडे वाळत घालतोय?” पायरीवरून ताई कडाडली.

“मी फिल्म बसवलीय, मोठ्या मावशी.”

“मग बाजूला हो. तुझं काम झालं, आता भन्तेजींचं आहे.”

थोरले भन्ते बादली आणि जुडी घेऊन आले तेव्हा गाडीपुढे छत्री उघडून चम्नान, त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून ताई, आणि दोघांच्या मधे कुठे उभं राहावं ते न कळलेली लमून, असा देखावा होता. भन्तेजींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. पाणी त्यांच्या जुडीतून टपटपत होतं.

“पाणी नाही तर मी नाही,” ताई म्हणाली.

“पाणी पडलं तर फिल्म नाही,” चम्नान म्हणाला.

“आणि माझा हात भरून आला,” भन्तेजी म्हणाले. “काय ते लवकर ठरवा.”

पाणी पडू दे, असं सांगायला लमूनने तोंड उघडलं, आणि टॉवेलाच्या कडेशी तिला तो मक्याचा दाणा चमकताना दिसला. ती तशीच थांबली. मग भलतंच बोलून गेली.

“भन्तेजी, एक विचारू? तुमच्या बादलीतलं पाणी कुठलं असतं?”

“नळाचं. सध्या गाळ येतोय जरा.”

“मग त्यात वेगळं काय असतं?”

“काही नाही. त्यावर आम्ही पाठ म्हणतो. पाठ म्हटला की ते पाणी मंगल झालं.”

“ते बादलीतच असायला हवं?”

“बादलीत, वाटीत, घागरीत. पाण्याला काय, कुठेही असलं तरी पाणीच.”

“फिल्मखाली असलं तर चालेल?”

लमूनने टॉवेल बाजूला करून बुडबुडा दाखवला. “हे बघा. आत पाणी आहेच. मिस्त्रींनी स्वतः घातलंय. बाहेरून पाणी घालायला बंदी आहे, पण आतल्या पाण्यावर पाठ म्हणायला कुठे बंदी आहे?”

भन्तेजींनी वाकून, चष्मा वर करून बुडबुडा पाहिला. “मिस्त्री, हे एवढंच आहे की आणखी?”

“दिसतं एवढंच,” चम्नान छत्री मिटत म्हणाला. “बाकीचं डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. टपावर आहे, दारांवर आहे, आरशांच्या पाठीवर आहे. या गाडीचा वीतभर पत्राही मी सोडलेला नाही.” एवढं बोलताना त्याची छाती फुगली.

“म्हणजे मी शिंपडलं असतं तर जिथे पोचलं नसतं, तिथेही पोचलंय.”

“हो, भन्तेजी.”

ताईने डोळे बारीक केले. “पण त्यात साबण आहे म्हणे.”

“असू दे,” भन्तेजी म्हणाले. “आमच्या गाळापेक्षा बरा.”

मग गाडीभोवती पांढरा दोरा धरला गेला. भन्तेजींनी बॉनेटवर टाचणीभर अंतर राखून तळवा धरला आणि पाठ सुरू केला. चम्नानने हात जोडले होते, पण एक डोळा उघडा ठेवून तो त्या तळव्यावरच पहारा देत होता. पाठ चांगला लांबला. गाडीच्या आत, चालवणाऱ्याच्या डोक्यावर छताला गंधाचे ठिपके लागले. तिथे फिल्म नव्हती, त्यामुळे मिस्त्रीची हरकत नव्हती.

“आता हे वाया कशाला घालवायचं?” भन्तेजी बादलीकडे बघून म्हणाले. “मिस्त्री, जरा गाडीपासून लांब व्हा. आणखी लांब. हं.” पहिली जुडी बसली ती चम्नानच्या थोबाडावर. दुसरी लमूनला, तिसरी ताईला. बादली रिकामी होईतो म्हातारा थांबला नाही. आणलेले चार टॉवेल चौघांना बरोबर पुरले, आणि ओलाचिंब चम्नान आधी गाडी कोरडी आहे ना ते बघायला धावला. ती ठणठणीत कोरडी होती.

ताईने शब्द पाळला. पण शनिवारी पहाटे ती गाडीत बसली ती मागे, टोपली पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून. “मला थेंब पडताना दिसला नाही,” ती दर मैलाला म्हणत होती. “भन्तेजी म्हणतात म्हणून मी बसलेय. पण दिसला नाही.”

“ताई, डोळे उघड. डोंगर लागले.”

“हळू चालव.”

“सायकलवाला पुढे गेला आपल्या, आणखी किती हळू?”

दर थांब्यावर ताई खाली उतरून बॉनेटपाशी जायची आणि विचारायची, “आहे ना गं अजून?” बुडबुडा असायचा. मक्याच्या दाण्याचा मसूर झाला होता, पण असायचा. मग तिला बरं वाटायचं. दुपारी भाजलेली कोंबडी आणि भाताची पुडी खाल्ल्यावर तिने पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतर मात्र ती थांबली नाही: हा चिंचेचा मळा बघ, ती दरड बघ, त्या बाईने केवढे फणस मांडलेत बघ. लमूनला रस्ता बघायला मिळाला तरी पुष्कळ झालं.

लोईला पोचल्यावर वनिदा दारात आली आणि तिने कपड्यात गुंडाळलेलं बाळ न बोलता आईच्या हातात ठेवलं. ताईने त्याच्या गालावरून बोट फिरवलं, रोज फोनच्या काचेवर फिरवायची तसंच, आणि या वेळी काही बंद पडलं नाही. बाळाने जांभई दिली. ताई रडायला लागली, वनिदा रडायला लागली, आणि लमून अंगणात जाऊन उगाचच कोरडी गाडी मऊ फडक्याने टिपत बसली. इतका आनंद तिला कोंबडी विकायला बसली त्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

रविवारी जावळ निघालं, मनगटांना पांढरे दोरे बांधून झाले, जेवणं झाली. ताईच्या अंगात तर वारं शिरलं होतं. तिला फोटो हवा होता, नातीचा आणि गाडीचा, आणि तोही दोघींचा एकत्र. तुळतुळीत डोक्याच्या त्या इमला, म्हणजे बाळाला, तिने दोन्ही हातांत धरून बॉनेटवर टेकवलं.

“ताई, लंगोट कुठाय तिचा?” लमूनने विचारलं.

“उकडत होतं तिला. काढ तू फोटो.”

फोटो निघाला. आणि त्याच क्षणी इमने, महिन्याच्या पोरीला जमेल तेवढं सगळं, बॉनेटच्या मधोमध सोडून दिलं.

लमूनची पाचावर धारण बसली. अजून दोन दिवस बाकी होते. तिने तिथल्या तिथे फोन लावला. “मिस्त्री, गाडी ओली झाली.”

“पाऊस? जानेवारीत?”

“पाऊस नाही.”

“मग कुणी शिंपडलं?”

“इमने.”

“कोण हा इम?”

“हा नाही, ही. आजच महिन्याची झालीय.”

“कडेला की मधोमध?”

“मधोमध. बुडबुडा होता तिथेच.”

“मग काही होत नाही. टिपून घ्या. पुसू नका, टिपा.” आणि मग चम्नान मिस्त्री हसला. तो हसू शकतो हे लमूनला आजच कळत होतं. हसता हसता तो कुणाला तरी, बहुतेक बायकोला, सगळं पुन्हा सांगत होता.

लमून फडकं घेऊन वळली तर ताईने तिचा हात धरला. बॉनेटवरून ओघळ खाली येत होता आणि ताई तो डोळे भरून बघत होती.

“थांब गं जरा,” ती म्हणाली. “आत्ता कुठे मला दिसलं.” नातीला तिने वनिदाकडे दिलं, नेसूचं वस्त्र सावरलं, मागच्या सीटवरची ती गुलाबी टोपली उचलली आणि पुढचं दार उघडून आत ठेवली. “परत जाताना मी पुढे बसणार आहे. आणि पुढच्या महिन्यात आपण पुन्हा येऊ. गाडी जरा जोरात चालव म्हणजे झालं.”